परबकाकांच्या आवाजातली पोच

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, करणी यातलं काहीही मी मानत नाही. मानणार कसा? विट्याला आमच्या शाळेमागे एक पडकी विहीर होती. दुपारच्या सुट्टीत तिच्यातून बाईच्या रडण्याचा आवाज येतो, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तो आवाज मीच काढायचो... पाण्याच्या टाकीमागे बसून, तोंडावर डब्याचं झाकण धरून. शेवटी हेडसरांनी शाळेत सत्यनारायण घातला. प्रसादाच्या रांगेत पहिला मीच होतो.

त्यामुळे कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी घाबरत नाही, मी फक्त विचारतो की टाकीमागे कोण बसलं होतं. या पानावरचे अनुभवसुद्धा मी हसायला म्हणून वाचायचो. रूमवरच्या पोरांना मोठ्याने, वेगवेगळ्या आवाजांत वाचून दाखवायचो. ज्यांचे वाचले त्यांची माफी मागतो. आता माझी पाळी आहे. आणि खरं सांगू का, हे लिहिताना भीती अशी वाटतच नाहीये. लाज वाटतेय. इतकी की माझं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, आणि बाकीची नावं बदलली आहेत.

तर मी आयटीत आहे. म्हणजे गावाकडे तसं सांगतात. खरं म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा एक गाळा आहे. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या बनतात, त्यामुळे आमच्या सर्व्हर रूमला कायम नव्या बादलीचा वास. मुख्य ऑफिस पवईला... तिथे काचा, तलाव, कॉफीचं मशीन. आमच्याकडे टेबलफॅन.

कंपनीचं काम लिफ्टवर लक्ष ठेवायचं. लिफ्ट दिवसभर बडबडत असते. दार उघडलं, दार लागलं, सातव्या मजल्यावर थांबले, वजन जास्त झालं. या बडबडीला आम्ही लॉग म्हणतो. बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या बिल्डिंगांची ही बडबड आधी चारकोपच्या सर्व्हरवर जमा होते आणि तिथून पवईच्या सर्व्हरकडे फॉरवर्ड होते. पवईला 'लिफ्ट अडकली' असा मेसेज पोचला की तिथून आपोआप मेकॅनिकला फोन जातो. मेसेज पोचला नाही तर फोन जात नाही. बस, इतकंच लक्षात ठेवा.

चारकोपला आम्ही दोघंच. मी आणि परबकाका. काका माझे सीनियर, साठी उलटलेले, दर वर्षी करार वाढवून ठेवलेले. वडील गिरणीत होते, परळच्या चाळीतून हे लोक चारकोपच्या सेक्टरमध्ये आले, पण मालवणी जशीच्या तशी. मला ते झिला, म्हणजे पोरा, म्हणायचे. बाकी ऑफिस मला रेडिओ म्हणायचं, कारण मी सगळ्यांचे आवाज काढतो. पवईच्या रेवती मॅडम, म्हणजे आमच्या मॅनेजर, त्यांचं ते दातांवर दात ठेवून 'ओके, नेक्स्ट' म्हणणं. वॉचमनचं खोकणं. पण हुकमाचा एक्का म्हणजे परबकाका. घशात भाकरीचा तुकडा अडकल्यासारखा आवाज, आणि वाक्य संपलं की नाकातून छोटासा श्वास आत ओढायचे. तो श्वास जमला की काका जमले. पवईला मीटिंगला गेलो की पोरं मला कोपऱ्यात घ्यायची, काका लाव रे. काकांसमोरही करायचो. ते हसून म्हणायचे, माझ्यापेक्षा तुझो परब बरो बोलता.

आता प्रॉब्लेम काय झाला होता ते सांगतो. मधले मेसेज हरवायला लागले होते. रोज नाही, पण अधूनमधून. चारकोप म्हणणार मी पाठवलं, पवई म्हणणार मला मिळालं नाही. आम्ही केबल बदलली, स्विच बदलला, नेटवाल्याला शिव्या घातल्या. मग मी एक युक्ती केली. चारकोपहून नंबर टाकून टेस्ट मेसेज सोडायचे आणि पवईला कुठले नंबर गायब आहेत ते बघायचं. नुसते नंबर कोण टाकणार, म्हणून मी प्रत्येक मेसेजमध्ये ऑफिसातल्या एकेकाची वाक्यं टाकली. 'ओके, नेक्स्ट' वगैरे. ते मॅडमनी पवईच्या स्क्रीनवर वाचलं. फोन करून म्हणाल्या की तुला कधीतरी एखादी गोष्ट सीरियसली घेता येईल का. हे पण लक्षात ठेवा.

पण युक्ती चालली. कळलं असं, की चारकोपचा सर्व्हर मेसेज पाइपात टाकला की पोचला असंच धरत होता. मध्येच पवई दोन मिनिटं बंद पडली तर पाइपातलं सगळं सांडायचं आणि चारकोपला पत्ताच नाही. शिवाय पवई बंद असताना मेसेज रांगेत थांबायचे, ती रांगसुद्धा मेमरीत. म्हणजे मशीन रीस्टार्ट झालं की रांग साफ. उपाय पण मिळाला. नवी पद्धत घ्यायची, ज्यात पवई प्रत्येक मेसेजची पोच परत पाठवते आणि पोच येईपर्यंत चारकोप आपली प्रत सोडत नाही. आणि रांग मेमरीत न ठेवता डिस्कवर लिहायची. काका एकदम खूश. म्हणाले, आता मशीनाक पण अक्कल येतली.

फक्त नवी पद्धत चालू करायला चारकोपचा सर्व्हर एकदा, शेवटचा, रीस्टार्ट करावा लागणार होता. आणि त्याआधी मेमरीतली रांग पूर्ण रिकामी व्हायला हवी.

यासाठी आमच्याकडे एक नियम होता, काकांनीच घातलेला. रांग रिकामी झाली हे रांग बघणाऱ्या माणसाने फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मेल चालणार नाही. मेल माणूस न बघता ठोकतो, पण बोलताना एकदा तरी स्क्रीनकडे बघतो, असं काकांचं म्हणणं. याला आम्ही तोंडी पोच म्हणायचो. पोच आली की मॅडम पवईहून कमांड देणार. आणि चारकोपची पोच मॅडम फक्त काकांची धरायच्या. माझी नाही. का, ते तुम्हाला कळलं असेलच.

रीस्टार्ट शुक्रवारी दुपारी ठरला. आणि नेमकी त्याच दुपारची काकांना बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूची तारीख मिळाली. कोणाची तरी रद्द झाली म्हणून मिळाली होती, सोडली तर पुन्हा कधी लागेल सांगता येत नव्हतं. जेवणाच्या आधी काका निघाले. जाताना मला म्हणाले की मॅडमचा फोन आला की सांग, मी गेलोय. त्या म्हणतील उद्या करू. करू देत. उद्या डोळ्यावर पट्टी घेऊन येईन पण पोच मीच देईन.

उद्या म्हणजे शनिवार, मग सुट्टीच्या दिवशी मलाही यावं लागलं असतं. पण माझा खरा अडथळा शनिवार नव्हता. मॅडम म्हणाल्या असत्या की रांग संपेपर्यंत तू तिथेच बसून राहा. आणि त्या संध्याकाळी घाटकोपरला एका ओपन माइकमध्ये, म्हणजे नवख्या कॉमेडियननाही स्टेज देतात त्या कार्यक्रमात, माझा पहिल्यांदा नंबर लागला होता. खरा स्टेज, खरा माइक. हे मी काकांना सांगितलं नव्हतं, मॅडमना नाही, घरी नाही... पडलो तर कुणाला कळायला नको म्हणून. चारकोपहून घाटकोपर म्हणजे दोन मेट्रो, वर रिक्षा. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे.

रांग उतरत होती. भराभर उतरली, मग हळू झाली, मग अडकल्यासारखी झाली. शून्य नव्हतं. थोडेच राहिले होते, पण होते. मी म्हटलं, पाच मिनिटांत जातील. आणि लँडलाइन उचलून मॅडमना फोन लावला.

मी ठरवून केलं का? खरं सांगतो, नंबर फिरवेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. पलीकडून मॅडम 'बोला काका' म्हणाल्या. त्यांनी चारकोपचा नंबर बघून गृहीत धरलं होतं. आणि माझा घसा आपोआप बसला.

"मॅडम, सगळा पोचला. रांग रिकामी. करा तुम्ही बंद."

आणि नाकातून तो छोटा श्वास. मला आठवतंय, तो श्वास इतका मस्त जमला की मी स्वतःवरच खूश झालो. रिसीव्हर ठेवला. आमचा रिसीव्हर नीट बसत नाही, त्याच्यावर एक थाप मारावी लागते, ती मारली. बॅग घेतली आणि निघालो.

घाटकोपरला माझा कार्यक्रम झकास झाला. तेही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही.

सोमवारी कळलं. रांगेत जे थोडे मेसेज राहिले होते त्यात एक बोरिवलीच्या एका टॉवरच्या लिफ्टचा होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक रिटायर्ड शिक्षिका, सामंतबाई, दम्याच्या. आतली बेल बंद, मोबाइलला रेंज नाही, वॉचमन गेटवर. मेसेज मेमरीबरोबर साफ झाला, म्हणून मेकॅनिकला फोन गेलाच नाही. कुणीतरी जिना चढताना त्यांचं दार वाजवणं ऐकलं तोवर खूप वेळ गेला होता. त्यांना दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. वाचल्या. पण सोसायटीने लेखी तक्रार केली.

मीटिंग पवईला. काका उजव्या डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा लावून आलेले. डावा डोळा आधीच अधू, म्हणून लिफ्टपासून खुर्चीपर्यंत मीच हाताला धरून नेलं. मॅडमनी विचारलं की काका, रांग रिकामी असल्याची पोच कशी काय दिलीत. मला वाटलं आता काका म्हणणार, मी तर नव्हतोच. मग सगळे माझ्याकडे बघणार.

काकांनी काळा चष्मा नीट केला. मग म्हणाले, "होय. मीच बोललंय. माझी चूक झाली."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तोंड उघडायला जागा होती, वेळ होता, सगळं होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसलो.

मला वाटलं काका मला सांभाळून घेतायत. मीटिंग संपल्यावर ते म्हणाले की त्यांना सामंतबाईंकडे जायचंय, माफी मागायला, मी नेईन का. नेलं. बाई घरी आल्या होत्या, पलंगावर उशा लावून बसलेल्या. काकांनी उभ्यानेच हात जोडले. बाई ओरडल्या नाहीत. शाळेतल्या बाई असतात ना, आवाज न चढवता सोलतात, तसं बोलल्या. म्हणाल्या की मी त्या दारावर हात आपटत होते आणि तुम्ही तिकडे सगळं ठीक म्हणून सांगत होतात. काका मान खाली घालून ऐकत होते. पट्टीखालून पाणी येत होतं, औषधाचं की कसलं, मला माहीत नाही. निघताना बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस बाळा. हल्ली कोण म्हाताऱ्या माणसाला असं धरून आणतं."

मी त्यांना थँक्यू म्हटलं. हो, म्हटलं होतं.

इथपर्यंत सगळं साधं आहे. मी खोटं बोललो, एका भल्या माणसाने ते अंगावर घेतलं. यात अमानवीय काही नाही. पुढचं आता.

काकांना चारकोपला घरी सोडलं. काकींनी चहा टाकला आणि ऑपरेशनची गंमत सांगायला बसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन माणूस जागा असताना करतात, डोळा फक्त बधिर असतो. डॉक्टर बाई होत्या. अर्धं झालं आणि काका एकदम बोलायला लागले. आतली नर्स नंतर बाहेर येऊन हसत काकींना म्हणाली की तुमचे मिस्टर टेबलावर पण ऑफिस करतात. काकी म्हणाल्या, "हे म्हणाले, थांबा मॅडम, थांबा, अजून बाकी आसा. त्या डॉक्टरीणबाईंनी हात वर घेतला. विचारल्यानी, दुखता काय? ह्यांका काय ऐकूच येईना."

मला जरा विचित्र वाटलं, पण हायसंही वाटलं. कारण मी फोनवर 'थांबा' म्हटलंच नव्हतं. त्या दोन गोष्टींचा संबंध नव्हता. चहा प्यायलो. काकी आत गेल्यावर मी काकांच्या जवळ सरकलो आणि म्हणालो की काका, तुम्ही का ओढवून घेतलंत. तो फोन मी केला होता. तुमच्या आवाजात.

काका चिडले नाहीत. ते गोंधळले. पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे लावून बघत राहिले.

"तू केलंस?"

मी मान हलवली.

"मगे माका कसा आठवता? तो फोन माझ्या हातात होतो. आकडो समोर होतो, शून्य नव्हतो. माका दिसत होतो आणि मी रिकामी म्हटलंय. रिसीव्हरावर थाप मारलंय. कित्याक खोटा बोललंय ता कळणा नाय. कसली तरी घाई होती. डोक्यात एक स्टेज होता, माइक होता, लोक हसत होते. मी जल्मात कधी स्टेजवर चढाक नाय रे."

ओपन माइकबद्दल मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पुन्हा लिहितो, कोणालाही.

मी म्हटलं, काका, तुम्ही तेव्हा टेबलावर होतात. म्हणाले, "होय, टेबलावर होतंय. आणि फोनवर पण होतंय. दोन्ही आठवता. आता खंयचा खोटा म्हणू, तू सांग."

मी त्यांच्यासमोर रडलो. पहिल्यांदा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तू कशाला रडतोस, खोटं मी बोललोय. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पवईला गेलो आणि रेवती मॅडमना केबिनमध्ये सगळं सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाल्या की काकांसाठी तुझा जीव तुटतो हे छान आहे, पण हे असं नाटक नको. मी तिथेच काकांचा आवाज काढून दाखवला, तेच वाक्य, तोच श्वास. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू फोन ठेवलास म्हणतोस. हे वाक्य बोलून लगेच?"

मी म्हटलं, लगेच.

"मग पुढचं कोण बोललं?"

त्यांनी सांगितलं ते असं. काका म्हणाले करा बंद. त्यांनी कमांड दिली. आणि फोन अजून कानाशीच होता तेव्हा काकांचा आवाज आला, एकदम घाईत... थांबा मॅडम, थांबा. अजून बाकी आसा. त्या म्हणाल्या, काका, आता गेलं ते. मग पलीकडून काही नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि लांब कुठेतरी भांडी ट्रेमध्ये ठेवल्यासारखा आवाज. मग लाइन कट. मीटिंगमध्ये त्यांनी हे मुद्दाम काढलं नव्हतं. म्हातारा माणूस आधी हो म्हणतो आणि मग थांबा म्हणतो, हे दहा जणांसमोर सांगून त्यांना अजून खाली पाडायचं नव्हतं.

हेच शब्द मी काकींच्या तोंडून चहा पिताना ऐकले होते.

मी म्हटलं, फोनचा रेकॉर्ड काढू. आमच्या फोनच्या बोर्डाचाही लॉग असतो, कोणता कॉल किती वेळ चालला ते कळतं. मी तिथेच बसून पवईच्या सर्व्हरवर शोधलं. सकाळचे कॉल होते, संध्याकाळचे होते. मधली दुपार कोरी. साहजिक आहे... तो लॉगसुद्धा चारकोपहून त्याच रांगेतून जायचा. माझ्या खोट्याचा पुरावा माझ्या खोट्यानेच पुसला होता. फोनच्या बोर्डात स्वतःची प्रत राहत नाही. मॅडमच्या मोबाइलमध्ये चारकोपहून आलेला कॉल दिसत होता, बस. मी म्हटलं निदान हॉस्पिटलला विचारा, काका तेव्हा तिथे होते. म्हणाल्या की फोन करून पण गेले असतील, आणि ते स्वतः हो म्हणतायत, तर मी त्यांना खोटं पाडायला हॉस्पिटलमध्ये माणूस पाठवू का. आणि थांबून म्हणाल्या, "तू मला आजपर्यंत इतक्या वेळा उल्लू बनवलंयस ना, की आता खरं बोलत असशील तरी मी काय करू, सांग."

काकांचा करार मॅडम वाढवणार होत्या, एक चूक माफ म्हणून. काकांनीच नको म्हटलं. ज्याची पोच खोटी निघाली त्याला पुन्हा कुणी विचारू नये, असं त्यांचं म्हणणं. मी विनवण्या केल्या, काकींनी केल्या. ऐकलं नाही. नवी पद्धत मात्र ते जायच्या आधी व्यवस्थित चालू झाली. मशीन मशीनला पोच देतं, एकही मेसेज हरवत नाही. तोंडी पोच बंद झाली.

निरोपाचा कार्यक्रम पवईला झाला. केक, समोसे, शाल. मॅडम छान बोलल्या. मग मागून कोणीतरी ओरडलंच, रेडिओ, काका लाव. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी नको म्हणत होतो. काका पुढच्या खुर्चीत होते, पट्टी निघाली होती, नवा चष्मा. ते म्हणाले, "कर रे झिला. जाताना ऐकून जातंय."

मी उभा राहिलो आणि ठरवलं की आवाज काढायचा नाही. सगळ्यांसमोर, माझ्याच आवाजात, सांगून टाकायचं. माइक हातात घेतला आणि सांगितलं. त्या दिवशी खोटं मी बोललो. रांगेत मेसेज होते, मला दिसत होते, तरी रिकामी म्हटलं. एक बाई माझ्यामुळे मरता मरता वाचली. मला माफ करा. एवढंच. चार वाक्यं, साध्या विट्याच्या मराठीत. मला माझा आवाज ऐकू येत होता, तो माझाच होता.

पहिल्या वाक्याला हसू फुटलं. दुसऱ्याला थोडं कमी. शेवटी मागचा एकजण हळूच म्हणाला की हे जरा जास्त झालं यार, त्यांच्या निरोपाला तरी नको. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी काकांच्या तोंडावर थुंकलोय. मला कळेना. काका उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले की बरोबर बोलला तो, माझंच बोलला.

एका मुलीने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तिने नंतर मला पाठवलं, खाली लिहिलं होतं की तुला लाज वाटायला हवी. मी ते लावलं. स्क्रीनवर मी उभा आहे, माइक धरून. तोंड माझं हलतंय. आवाज काकांचा आहे. 'त्या दिवशी खोटा मी बोललंय.' मालवणी, घशातली खरखर, आणि प्रत्येक वाक्यानंतर नाकातून ओढलेला छोटा श्वास. मी जन्मात केली नसेल इतकी हुबेहूब नक्कल. म्हणजे तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या कानांवर काय पडलं? परबकाका कबुली देतायत. पुन्हा एकदा. मीच द्यायला लावली.

यावर मी खूप डोकं लावलं. नर्सने काकींना सांगितलं, मॅडमच्या कानावर गेलं, मॅडम म्हणून गेल्या, असं काहीतरी असेल. पण मॅडम आणि काकी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. घाबरलो की मी आपोआप दुसऱ्याचा आवाज काढतो, असं एक डॉक्टर म्हणाले. असेल. पण मग स्टेज काकांच्या डोक्यात कसा गेला, ते त्यांना सांगता आलं नाही. मला फोनच्या त्या उरलेल्या भागाचं काहीच सांगता येत नाही. रिसीव्हर मी ठेवला होता. थाप मारली होती. मी जिन्यात होतो.

काका आता गोराईला भाचीकडे असतात बरेचदा. मी दोनदा जेट्टीपर्यंत गेलो आणि परत आलो. मिमिक्री सोडलीय, पण तेही खात्रीने म्हणता येत नाही, कारण मी कुठल्या आवाजात बोलतोय हे मला हल्ली समोरच्याच्या चेहऱ्यावरून बघावं लागतं. फोन उचलत नाही. सगळं टाइप करतो.

म्हणून हे इथे लिहिलं. लिहिलेल्याला आवाज नसतो, निदान इथे तरी हे माझंच वाचलं जाईल. तो फोन मी केला होता. परबकाकांनी नाही. मी.